फुलाचा चेहरा, झाडाचा पत्ता

गेल्या ऑक्टोबरात भुसावळातील एका शाळेने ‘आमच्या परिसरातील फुले’ या विषयावर विद्यार्थ्यांनी काढलेल्या फोटोंचे प्रदर्शन भरवले होते. वर्गाच्या चारही भिंतींवर पन्नासेक फोटो लावलेले होते. बहुतेक फोटो घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर काढलेले, थोडे कॅमेऱ्यावरचे. तिवई कोणाकडेच नव्हती. सगळे हातात धरून, फुलाच्या अगदी जवळ जाऊन घेतलेले. आम्ही तिघे परीक्षक होतो. दोन तासांत निकाल लावून, चहा घेऊन आम्ही मोकळे झालो. त्या निकालात एक चूक झाली आणि ती प्रामुख्याने माझी होती. ती कशी झाली हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे, कारण अशी प्रदर्शने आता बहुतेक शाळांत भरतात आणि त्यांचे परीक्षक तुम्ही-आम्हीच असतो.

पहिले बक्षीस

पहिले बक्षीस जास्वंदीच्या एका फोटोला मिळाले. लाल पाकळीच्या कडेवर पाण्याचा एक थेंब, थेंबात मागच्या बागेची उलटी प्रतिमा आणि बाकी सारे मऊ, धूसर. फोटो खरोखरच देखणा होता. थेंब दवाचा नव्हता, बाटलीने शिंपडलेला होता, हे मुलाने प्रामाणिकपणे सांगितले. त्यात गैर काहीच नाही. थेंब बहिर्वक्र भिंगासारखे काम करतो आणि दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा दाखवतो, हे शिकवायला याहून चांगले चित्र मिळणे कठीण. मात्र तो धडा प्रकाशाचा आहे, जास्वंदीचा नाही. त्या फोटोत जास्वंदीचे पान नव्हते, देठ नव्हता, पुंकेसरांची ती ओळखीची नळीही नव्हती. जास्वंदीऐवजी कोणतीही लाल पाकळी असती तरी फोटोत काही फरक पडला नसता.

मग मी इतर फोटो पुन्हा आठवून पाहिले. भुसावळ, यावल, रावेर हा केळीचा मुलूख, त्यामुळे केळफुलाचे पाच फोटो होते. पाचही फोटोंत एकच गोष्ट होती: तांबूस-जांभळ्या छदांचा तो मोठा कळा, बाहेरून, सकाळच्या तिरप्या उन्हात. एकाही मुलाने छद किंचित उचलून त्याखालची फुलांची रांग टिपली नव्हती. वस्तुतः केळीचे ‘फूल’ तेथे आहे. आधी उघडणाऱ्या छदांखाली मादी फुले असतात, त्यांच्याच फण्या होतात. नंतरच्या छदांखाली नर फुले असतात, ती गळून पडतात. मळ्यात वाढलेल्या मुलांना हे हाताने माहीत असते, पण फोटो काढताना ते दाखवावे असे त्यांना सुचले नाही. का सुचावे? आपण त्यांना ‘सुंदर फोटो काढा’ एवढेच सांगितले होते.

एकदांडीचे फोटोही बरेच होते. हे रस्त्याकडेचे, बारीक लांब दांड्यावरचे, पिवळ्या मध्याचे फूल. हे एक फूल नसून फुलांचा गुच्छ आहे, हे आपण वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगतो. जवळून घेतलेल्या फोटोत मधली नळीसारखी बिंबपुष्पके एकेक मोजता येतात, कडेच्या किरणपुष्पकांची तीन दाती टोके दिसतात. येथे कॅमेऱ्याने भिंगाचे काम केले होते. पण फोटोंखाली मथळे होते ‘सूर्याचे पिल्लू’ आणि ‘हसरा चेहरा’. दिसण्यासारखे दिसत होते, ते पाहावे असे मात्र कोणी सुचवले नव्हते.

दोन मिलिमीटरांची दुनिया

मुलांच्या फोटोंवर टीका करण्याआधी हे काम किती अवघड आहे हे समजून घेतले पाहिजे. जवळून फोटो काढताना तीन गोष्टी एकमेकींशी भांडतात: स्पष्टतेची खोली, प्रकाश आणि हाताचे थरथरणे.

पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या किंवा तेवढ्याच संवेदकाच्या कॅमेऱ्याने फूल आहे त्याच आकारात टिपायचे ठरवले, तर एफ १६ इतके बारीक छिद्र ठेवूनही पुढून मागे जेमतेम २ मिलिमीटर एवढाच भाग स्पष्ट येतो. त्याच्या पुढचे व मागचे सारे धूसर. छिद्र एफ ८ केले तर ही खोली १ मिलिमीटरवर येते. शिवाय एवढ्या जवळ गेल्यावर संवेदकावर पडणारा प्रकाश दूरच्या फोटोच्या मानाने चौथाईच उरतो. म्हणजे उघडझापीचा वेळ वाढवावा लागतो, आणि वेळ वाढवला की हात हलतो. दूरचा फोटो काढताना हात डावी-उजवीकडे हललेला नडतो. जवळच्या फोटोत शरीराचे पुढे-मागे झुलणेच अधिक नडते, कारण श्वास घेताना छाती जेवढी हलते तेवढ्यात ती २ मिलिमीटरांची स्पष्ट पट्टी फुलावरून निघून जाते. त्यात वारा. खानदेशात सकाळी लवकर हवा पडलेली असते तेव्हाच काय ते काम होते.

यावर साधे उपाय आहेत. कोपर गुडघ्यावर टेकवावे, श्वास सोडून थांबावे, भिंग फिरवण्याऐवजी अंग किंचित पुढे-मागे करून फोकस साधावा आणि एकाऐवजी दहा फोटो घ्यावेत. सर्वांत चांगला उपाय म्हणजे हाव कमी करणे. फूल निम्म्या आकारात टिपले तर त्याच एफ १६ वर स्पष्टतेची खोली सुमारे साडेपाच मिलिमीटर मिळते. थोडे मागे सरकल्याने आपण काही गमावत नाही, उलट जवळजवळ तिप्पट खोली मिळते.

मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. त्याचा संवेदक लहान असल्याने स्पष्टतेची खोली अधिक मिळते आणि म्हणूनच मुलांचे फोटो इतके चांगले येतात. पण मोबाइल फुलाच्या फार जवळ न्यावा लागतो. भिंग पुढच्या पाकळीपासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि मागची पाकळी ६ सेंटिमीटरवर, तर पुढची पाकळी मागचीपेक्षा एक-पंचमांशाने मोठी दिसते. एखादे फूल सर्व बाजूंनी सारखे आहे की त्याची फक्त डावी-उजवी बाजू जुळते, हे कुळ ओळखताना फार महत्त्वाचे असते. अशा फोटोवरून त्याचा निवाडा केला तर हमखास फसायला होते.

रंगावरही फार विश्वास टाकू नये. फिल्मच्या काळात काही निळी फुले फोटोत गुलाबी-जांभळी येत. ही फुले आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गडद लाल प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. डोळा तो सोडून देतो, फिल्म मात्र टिपते. अजेरॅटमच्या फुलांवरून या दोषाला नावच पडले होते. आजचे कॅमेरे हे बरेच सावरतात, पण सावलीत, उन्हात आणि ढगाळ दिवशी तेच फूल वेगवेगळ्या रंगाचे दाखवतात. तेव्हा फोटो काढतानाच रंग वहीत लिहून ठेवावा. पेन्सिलीला फोकस करावा लागत नाही!

जर्मनीतील एक शिक्षक

वनस्पतींचे जवळून घेतलेले फोटो शिक्षणासाठी वापरण्याची कल्पना नवी नाही. कार्ल ब्लॉसफेल्ट हा जर्मन शिक्षक १८९८ पासून बर्लिनच्या कला-कारागिरी विद्यालयात शिकवत असे. वनस्पतींच्या आकारांवरून नक्षीकाम आणि मूर्तिकाम कसे साधावे हा त्याचा विषय. कोंब, कळ्या, बोंडे, वेलांचे ताणे यांचे मोठे केलेले फोटो तो वर्गात विद्यार्थ्यांसमोर ठेवी. कॅमेरा त्याने स्वतः जुळवलेला होता. १९२८ साली ते फोटो पुस्तकरूपाने निघाले आणि साठी उलटलेला हा शिक्षक एकाएकी प्रसिद्ध झाला.

ब्लॉसफेल्टच्या फोटोंवर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून माझी तक्रार आहे. त्याने झाडे त्यांच्या जागेवरून उचलली, नको ती पाने छाटली आणि कोऱ्या पार्श्वभूमीवर ठेवली. नेचाचा कोंब बिशपच्या दंडासारखा दिसतो, पण नेचा कोठे उगवतो हे फोटो सांगत नाही. तरीही दोन गोष्टी त्याने आपल्यापेक्षा चांगल्या केल्या. प्रत्येक चित्राखाली वनस्पतीचे शास्त्रीय नाव होते आणि चित्र किती पट मोठे केले आहे हेही लिहिलेले होते. तो कलाशिक्षक होता, तरीही त्याने मोजमाप सोडले नाही. आमच्या प्रदर्शनात, विज्ञानाच्या प्रदर्शनात, मोजमाप असलेला फोटो एकच होता. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

सह्याद्रीची पुस्तके आणि आपला खानदेश

महाराष्ट्रात फुलांच्या फोटोंना मान मिळवून देणारे काम श्रीकांत इंगळहळ्ळीकर यांनी केले. व्यवसायाने अभियंता असलेल्या या पुण्याच्या गृहस्थांनी २००१ साली सह्याद्रीतील ५०० फुलांची सचित्र मार्गदर्शिका काढली आणि २००७ साली आणखी ५०० फुलांची. त्याआधी सामान्य माणसाला रानफुलाचे नाव शोधायचे असेल तर मुख्य आधार होता थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाचा. कुकही अभियंताच, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य. १९०१ ते १९०८ या काळात निघालेला तो ग्रंथ आजही कामाचा आहे, पण त्यातली परिभाषा येत नसेल तर तो बंद दरवाजाच. इंगळहळ्ळीकरांच्या फोटोंनी तो दरवाजा उघडला. ट्रेकला जाणारा कारकून, डॉक्टर, शिक्षक असा कोणीही फुलाला नावाने हाक मारू लागला. हे ऋण मोठे आहे.

पण त्या यशाचा एक परिणाम असा झाला की फुलांचा फोटो म्हणजे सह्याद्री, सह्याद्री म्हणजे कास आणि कास म्हणजे फुलांचे गालिचे, असे समीकरण होऊन बसले. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचे पठार जागतिक वारसा यादीत गेले. तेथे फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होऊ लागली की फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. महाराष्ट्रात सपुष्प वनस्पतींच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. पुस्तकात जागा मर्यादित, तेव्हा जे फूल फोटोत शोभते ते आधी आत येते. गवते, लव्हाळे, हिरवट बारीक फुलांची तणे मागे राहतात. दोष लेखकाचा नाही, तो फोटो या माध्यमाचाच कल आहे. शिक्षकाने तो कल ओळखावा, एवढेच.

आपला खानदेश या चित्रातून बहुतांशी बाहेरच राहतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये तापीचे काळ्या मातीचे खोरे. येथल्या वनस्पतींच्या नोंदी झालेल्या आहेत. डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबार जिल्ह्यांचा वनस्पतिकोश २००३ साली, तर एस. आर. क्षीरसागर व डी. ए. पाटील यांचा जळगाव जिल्ह्याचा २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आणि शास्त्रीय परिभाषेत आहेत. ते शाळेत पोचायचे तर मधला पूल लागतो. आणि मुलांनी रेल्वेच्या कुंपणाशी, हतनूरच्या पाण्याकाठी, केळीच्या बांधावर काढलेले फोटो हाच तो पूल होऊ शकतो, जर ते नीट काढले तर!

‘नीट’ म्हणजे काय, हे केन्यावरून पाहू. पावसाळ्यात बांधावर उगवणारा हा केना. त्याच्या निळ्या फुलाचे फोटो प्रदर्शनात होते. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या अगदी सुबक आल्या होत्या. पण केन्याचे भाऊबंद अनेक आहेत आणि निळी फुले त्यांनाही येतात. आपल्या नेहमीच्या केन्याची एक चांगली खूण पानाच्या तळाशी असते, तेथे खोडाला वेढणाऱ्या आवरणाच्या तोंडावर तांबूस केस असतात. फोटोत पाकळ्या होत्या, केस नव्हते. आणखी गंमत अशी की केना जमिनीखालीही फुलतो. मातीतल्या पांढुरक्या फांद्यांवर न उमलणारी फुले येतात, ती आतल्या आत परागित होतात आणि त्यांनाही बी धरते. शेतकरी निंदून निंदून थकतो तरी केना जात नाही, याचे एक कारण हेही आहे. निळ्या फुलाचा कितीही सुंदर फोटो ही गोष्ट सांगणार नाही. त्यासाठी एक रोप हलकेच उपटून, माती झटकून, त्याचाही फोटो घ्यावा लागेल.

फोटो तपासताना

म्हणून माझी सूचना अशी की मुलांकडून एक फोटो मागू नये, तीन मागावेत. पहिला दोन पावले मागून: झाड, त्याची जागा, शेजारची झाडे. दुसरा पान आणि खोड दाखवणारा, पान उलटे करूनही. तिसरा फुलाचा, जवळून, आणि तोही शक्य तर वरून आणि बाजूने असा दोन्हीकडून. त्यांतल्या एकात तरी कंपासपेटीतली पट्टी हवी. खाली तारीख, ठिकाण आणि काढणाऱ्याच्या मनात आलेला एक प्रश्न. मोबाइल फोटोसोबत तारीख-वेळ आपोआप साठवतो आणि सोय चालू असेल तर ठिकाणही. पण व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की ती माहिती गळून जाते आणि फोटोही दाबला जातो. मूळ फोटो जपून ठेवावा.

फोटो हा वाळवून जपलेल्या नमुन्याला पर्याय नाही, हेही मुलांना सांगावे. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा मुंबईच्या ब्लॅटर संग्रहातल्या कागदावर चिकटवलेल्या झाडाला आपण शंभर वर्षांनी नवा प्रश्न विचारू शकतो, भिंगाखाली त्याचे केस मोजू शकतो. फोटो फक्त त्याच प्रश्नाचे उत्तर देतो जो काढणाऱ्याने त्या क्षणी विचारला होता. उलट, फोटोसाठी झाड मरत नाही, त्याचा रंग राहतो, जागा राहते आणि तो दर वर्षी पुन्हा काढता येतो. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. गाजरगवताची नोंद पुण्याजवळ १९५० च्या दशकात झाली, आज ते सर्वत्र आहे. त्या काळी गावोगावच्या शाळांत तारखा घातलेल्या फोटोंच्या वह्या असत्या, तर ते कोणत्या साली कोणत्या गावी पोचले हे आज नकाशावर दाखवता आले असते. आज आपल्या शाळेच्या कुंपणाशी काय येते आहे आणि काय नाहीसे होते आहे, याची वही सुरू करायला मात्र अजून उशीर झालेला नाही.

राहून गेलेले बक्षीस

आता त्या मोजमापाच्या फोटोविषयी. तो आठवीतल्या एका मुलीचा होता. रेल्वेच्या कुंपणालगतच्या रुईचा, बाजूने घेतलेला. अर्धा धूसर. फुलाशेजारी कंपासपेटीतली पट्टी, मागे एक पान. खाली लिहिले होते: ‘ही रुई आमच्या दारच्या रुईसारखी नाही. का?’

मी तिला विचारले, “काय वेगळे आहे?”

“सर, आमच्या दारच्या रुईच्या पाकळ्या मागे वळेल आहेत. हिच्या उभ्या आहेत. अन् हिची फक्त टोकं जांभळी आहेत.”

मी ‘छान’ म्हणालो आणि पुढे गेलो. गुणपत्रिकेत त्या फोटोपुढे मी लिहिले, ‘फोकस नाही, पट्टी मध्ये आली आहे.’

संध्याकाळी स्टेशनकडे चालत जाताना कुंपणाशी ती रुई दिसली आणि मी थांबलो. रुईच्या दोन जाती आपल्याकडे आढळतात. कॅलोट्रॉपिस जायगँटियाचे फूल मोठे, पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या, रंग फिकट जांभळा किंवा पांढरा. कॅलोट्रॉपिस प्रोसेराचे फूल लहान, पाकळ्या उभ्या, पांढऱ्या आणि टोकाला जांभळ्या. समोरची रुई दुसरी होती. आठवीतल्या मुलीने दोन जाती वेगळ्या करणारी नेमकी लक्षणे हेरली होती. फोटो बाजूने काढला होता, कारण पाकळ्या उभ्या आहेत हे वरून काढलेल्या फोटोत कळत नाही. पट्टी ठेवली होती, कारण फूल लहान आहे हे तिला दाखवायचे होते. मी ज्याला दोष म्हटले होते, ती तिची पद्धत होती. तिला फक्त दोन पावले मागे सरायला आणि कोपर टेकवायला सांगायला हवे होते. ते मला येत होते, आणि मी सांगितले नाही.

मी शाळेला पत्र लिहून ही चूक कळवली. निकाल बदलणे आता बरे दिसणार नाही असे उत्तर आले, आणि त्यात तथ्य आहे. जास्वंदीच्या मुलाचा काहीच अपराध नव्हता. मात्र पुढच्या वर्षी प्रत्येक फोटोखाली एक प्रश्न लिहिण्याची अट घालू, असे त्यांनी मान्य केले आहे.

तुमच्या शाळेतही रुई असेलच. येत्या आठवड्यात मुलांना घेऊन तिच्यापाशी जा आणि पाकळ्या कशा आहेत ते बाजूने पाहायला सांगा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, तो अपायकारक असतो. फोटो नंतर काढला तरी चालेल.